पांढरी चादर अंथरून

९ जानेवारी

प्रिय खटपट्या,

अनेक आशीर्वाद. पाकिटावर माझं अक्षर पाहून दचकला असशील तर आधी श्वास सोड. कुणी गेलेलं नाही. तू घर सोडल्यापासून इथून तुला दोनच पत्रं गेली, एक आईच्या वेळी आणि एक बाबांच्या वेळी, त्यामुळे दचकलास तरी तुझी चूक नाही. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे तिसरं.

कामाचं लिहिते. मी हे घर सोडते आहे. मार्चअखेर घरमालकाला किल्ल्या द्यायच्या आणि लेकीकडे राहायला जायचं असं ठरलं आहे. तिच्याकडे मला एक खोली आहे, खिडकी चांगली मोठी, कपाट मात्र एकच. त्यामुळे सध्या मी दिवसभर एकेक वस्तू हातात घेते आणि पुन्हा होती तिथेच ठेवते. लेक याला आवराआवर म्हणायला तयार नाही.

त्यात बाबांचं घड्याळ निघालं. तेच, सेकंदकाट्याची वेगळी छोटी तबकडी असलेलं. ब्रदरच्या ड्युटीवर वॉर्डात पेशंटची नाडी मोजताना सोयीचं पडावं म्हणून ते मनगटाच्या आतल्या बाजूला बांधायचे, आणि मग घरीही तसंच. आपल्याला ताप आला की त्यांची बोटं आपल्या मनगटावर असायची आणि नजर स्वतःच्या. मला वाटायचं, ताप यांनाच आला आहे की काय.

घड्याळ बंद आहे. हलवलं की थोडं चालतं आणि थांबतं, मी जिन्यात थांबते तसं. ते विकावं असं मनात आहे. ते दोघांचं आहे आणि मधोमध कापता येत नाही, म्हणून तुला विचारल्याशिवाय विकणार नाही. गिऱ्हाईक आहे. माझ्या दाढा ज्यांनी काढल्या ते दातांचे डॉक्टर आता दवाखाना बंद करून जुनी घड्याळं जमवत बसले आहेत.

प्रश्न एकच आहे. विकण्याआधी घड्याळाची सर्व्हिसिंग करून घ्यावी की आहे तसं द्यावं? लेक म्हणते, बंद वस्तू कोण घेतं, करून टाक. डॉक्टर म्हणतात, हात लावू नका. तू लिफ्ट दुरुस्त करतोस, घड्याळं नाही, हे मला माहीत आहे. पण चाकं ती चाकं. शिवाय विचारायला माझ्याकडे दुसरं कोण आहे?

कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टर आम्हाला शिकवायच्या की पत्रात एका परिच्छेदात एकच विषय हवा आणि शेवटी प्रकृतीचं विचारावं. तुझी प्रकृती कशी आहे? माझी बरी आहे. पत्ता घातलेलं पाकीट सोबत ठेवलं आहे, तिकीटही लावलं आहे. तुला फक्त जीभ फिरवायची आहे.

तुझी
ताई


२४ जानेवारी

प्रिय खटपट्या,

पाकीट परत आलेलं नाही, म्हणजे निदान ते तुझ्याकडे आहे.

दरम्यान मी घड्याळाच्या दुकानात जाऊन आले. चौकातलं, अरुंद, ज्याच्या दारात एका वेळी एकच माणूस उभा राहू शकतो ते. म्हातारे घड्याळजी आता नाहीत. त्यांची सून बसते. लग्न होऊन आली तेव्हा ती गल्ल्यावर नुसती पावत्या फाडायची, आता डोळ्याला भिंग लावून तीच काम करते, आणि काम करता करता बोलते. मला पाहिल्यावर म्हणाली, "तुम्ही त्या हॉस्पिटलच्या ब्रदरांच्या ना? नाक तेच आहे." आपलं नाक दुकानात अजून ओळखतात हे तुला कळवून ठेवते.

तिचं म्हणणं असं की आतलं तेल सुकून चिकट झालं आहे. अशा स्थितीत घड्याळ चालवलं तर चाकांचे दात झिजतात. म्हणून विका किंवा ठेवा, पण तोवर किल्ली देऊ नका. मी विचारलं, सर्व्हिसिंग करून विकलं तर जास्त येतील का? ती म्हणाली, "मला विचाराल तर मी हो म्हणणारच. माझं दुकान आहे."

डॉक्टरांचं म्हणणं उलटं. लोक सर्व्हिसिंगच्या नावाखाली कडा घासतात, काटे बदलतात, तबकडी नवी रंगवतात, आणि मग हातात येतं ते दुसरंच घड्याळ. ते म्हणाले, "बाई, मूळचं ते मूळचं. आयुष्यभर मी लोकांना कवळ्या बसवल्या, मला विचारा." विकत घेतल्यावर ते स्वतःच्या माणसाकडून काम करून घेणार आहेत. फक्त घेण्याआधी एकदा मागचं झाकण उघडून आत सगळं जागच्या जागी आहे ना, ते त्यांना पाहायचं आहे. ते मला रास्त वाटलं. पुढच्या आठवड्यात दुकानात सगळ्यांसमोर झाकण उघडायचं ठरलं आहे.

तुझं काही म्हणणं असेल तर त्याआधी कळव.

घरातलं आवरणं चालू आहे. काल आईच्या शिवणाच्या डब्यात तुझं एक बटण सापडलं, शाळेच्या निळ्या शर्टाचं. शर्ट नाही, बटण आहे. याचं काय करायचं तेही कळव.

तुझी
ताई


६ फेब्रुवारी

प्रिय खटपट्या,

तुझं पत्र मिळालं. "सर्व्हिसिंग करू नकोस. उघडूही नकोस. आहे तसं विक आणि सगळे पैसे तू ठेव. मला त्यातलं काही नको." बटणाबद्दल काही नाही. तरी मी तीनदा वाचलं. तुझं अक्षर बाबांसारखं होत चाललं आहे, र वळणाआधीच थांबतो.

बाबांच्या वेळी तू पोहोचलास तेव्हा सगळं आटोपलं होतं. तू दारातच उभा राहिलास आणि हेच म्हणालास, मला या घरातलं काही नको. आत ये, पाणी तरी पी, असं मी म्हणेपर्यंत तू जिना उतरला होतास. त्याला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा मी काही विचारलं नाही, आताही विचारत नाही. फक्त एक गोष्ट लक्षात आली. ज्या माणसाला एखाद्या वस्तूतलं काही नको असतं, तो ती उघडावी की उघडू नये यावर एवढं ठामपणे बोलत नाही.

तुझं पत्र पोहोचलं त्याच्या आदल्या दिवशी घड्याळ उघडलं गेलं होतं. आत काय निघालं ते तुला माहीत असावं असा माझा अंदाज आहे. मला नव्हतं. नीट बसून सविस्तर लिहिते, आज लेक कपाटाचं माप घ्यायला येते आहे.

तुझी
ताई


१२ फेब्रुवारी

प्रिय खटपट्या,

आता सविस्तर.

दुकानात आम्ही तिघं होतो. घड्याळवाल्या बाई आतल्या बाजूला, डॉक्टर दारात आणि मी काउंटरला टेकून. बाईंनी झाकण उघडलं. मला आत सगळंच सुंदर दिसलं, पितळी चाकं आणि तांबडे खडे. डॉक्टरांनी खिशातून स्वतःचं भिंग काढलं, वाकले, आणि "अरेरे" म्हणाले. दवाखान्यातही ते असंच म्हणायचे, आणि मग दाढ काढावीच लागायची.

आपण किल्ली देतो तेव्हा स्प्रिंग उलटी सुटू नये म्हणून आत एक खटका असतो, आणि त्या खटक्याला दाबून धरणारी एक इवलीशी स्प्रिंग. ती मूळची नव्हती. तिच्या जागी कुणीतरी एक तार वाकवून बसवली होती. बाईंनी भिंग मला दिलं. तार पोलादी, केसापेक्षा थोडी जाड, एका टोकाला आकडा. आकडा एकदा चुकून पुन्हा वाकवलेला होता, ते दिसत होतं.

मला तो रविवार आठवला. बाबा रात्रपाळी करून झोपले होते. तू तुझ्या हौसेने त्यांचं घड्याळ उघडलंस आणि काहीतरी उडालं. बाबांचा नियम होता, घरात काहीही उघडायचं तर आधी टेबलावर पांढरी चादर अंथरायची, म्हणजे पडलेलं दिसतं. इस्त्रीचा स्क्रू असो की रेडिओचा, आधी चादर. त्या दिवशी चादर नव्हती. आई टॉर्च घेऊन कपाटाखाली आडवी झाली, मी केरसुणीने हळूहळू ओढत होते, आणि तू पांढराफटक. सापडलं नाही ते नाहीच. संध्याकाळी बाबा उठले तेव्हा घड्याळ जागेवर होतं आणि चालत होतं. त्यांनी किल्ली दिली, मनगटाला बांधलं आणि कामावर गेले. आपल्याला वाटलं, निभावलं.

कसं निभावलं ते तू मला कधी सांगितलं नाहीस. सांगण्याची गरज आता उरली नाही. त्याच आठवड्यात माझ्या व्हायोलिनची सगळ्यात बारीक तार नाहीशी झाली होती. तू म्हणालास, तुटली असेल. सिस्टरांनी मला सगळ्या वर्गासमोर उभं करून विचारलं की तुटली तर तुकडे कुठे आहेत, आणि मी रडले. तुकड्यांपैकी एक कुठे होता ते दुकानात भिंगातून पाहिलं. बरा दिसत होता.

पुढचं डॉक्टरांचं. ते म्हणाले, ही असली तार असलेलं घड्याळ मी घेणार नाही. मूळचा भाग मिळवून बसवा, मग आनंदाने घेतो. म्हणजे हात लावू नका म्हणणारे सर्व्हिसिंग करा म्हणू लागले. बाई हसायला लागल्या. मला वाटलं, डॉक्टरांना हसताहेत. त्या म्हणाल्या, "ही तार काढायची म्हणजे माझ्या सासऱ्यांचा शब्द मोडायचा."

मग त्यांनी सांगितलं ते मी त्यांच्याच शब्दांत लिहिते. "तुमचे वडील दर दोन-तीन वर्षांनी साफ करायला घेऊन यायचे. पहिल्याच खेपेला मामंजींनी तार पाहिली आणि म्हणाले, ब्रदर, हे कुणा अडाण्याचं काम आहे, बदलून देतो. वडील म्हणाले, साफ करा, तेल घाला, त्या तारेला हात लावायचा नाही. मामंजी म्हणाले, अहो, चांगली स्प्रिंग आहे माझ्याकडे. तर म्हणाले, असू दे. हे माझ्या मुलानं केलंय. चालतंय."

मी विचारलं, शेवटचे कधी आले होते? ते नक्की आठवेना, पण तेव्हा बाईंची धाकटी शाळेत जायला लागली होती. म्हणजे तू घर सोडून गेल्यानंतर. बराच नंतर. तेव्हाही तेच सांगून गेले. त्यांच्या घरी म्हणे थट्टा चालायची. कुणी ओबडधोबड शिवलेलं, चिकटवलेलं काही काढून टाकायला निघालं की म्हणायचे, राहू दे, ब्रदरांच्या मुलाची तार आहे ती.

तू इन्स्टिट्यूटचा कोर्स अर्धा सोडून आलास त्या दिवशी बाबा काय म्हणाले ते मी विसरलेले नाही. पाहुण्यांसमोर म्हणाले, याच्या हातून एक काम धड होत नाही. तू तेच वाक्य बॅगेत भरून गेलास. ते त्यांनी घरात म्हटलं, आणि हे दुकानात. आपल्या बाबांची पद्धत. वॉर्डातल्या पेशंटना त्यांचे विनोद पाठ होते, आपल्याला त्यांचा खोकला. मला त्यांचा राग आला, खरं सांगते. काउंटरला टेकून उभ्या उभ्या आला. एवढं एक वाक्य चौकापर्यंत चालत नेता आलं, तर जेवणाच्या टेबलापर्यंत आणायला काय झालं होतं?

तर आता सर्व्हिसिंगचा प्रश्न बदलला आहे. घड्याळ विकायचं तर तार काढावी लागेल. तार ठेवायची तर डॉक्टर घेणार नाहीत. तू काय म्हणतोस?

तुझी
ताई


२७ फेब्रुवारी

प्रिय खटपट्या,

उत्तर नाही. ठीक आहे, पत्र लांब होतं.

घड्याळवाल्या बाईंनी भंगारातल्या एका घड्याळातून तसली स्प्रिंग मिळवून ठेवली आहे, कागदाच्या पुडीत. डॉक्टर दर आठवड्याला दुकानात डोकावतात. बाईंनी मला विचारलं, काढू का? मी म्हटलं, भावाला विचारलं आहे. त्या म्हणाल्या, "विचारा, विचारा. घड्याळ बंदच आहे, त्याचा वेळ जात नाही."

काल मोठं कपाट हललं. चार हमाल लागले. खाली काय असेल याची मला उगाच धाकधूक होती. दोन पेन्सिली निघाल्या, आईची एक हेअरपिन, एक गोटी, औषधाच्या बाटलीचं बूच, आणि माझ्या बक्षिसाची फीत, जी तू घेतलीस असं मी वर्षभर म्हणत होते. सगळा केर मी पांढऱ्या चादरीवर पसरला आणि चष्मा लावून बोटाने चाळला. हमाल म्हणाले, मावशी, सोनं हरवलं का? स्प्रिंग नव्हती. कुठे गेली असेल कुणास ठाऊक.

लेक म्हणते, "आई, तुला घड्याळ विकायचंय की मामाला पत्रं लिहायचीत?" मी म्हटलं, तू खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटव.

जिन्याचं तिनेच तुला कळवलं असेल तर लक्ष देऊ नकोस. डॉक्टरांनी, म्हणजे हृदयाच्या, दातांच्या नव्हे, सावकाश चढा एवढंच सांगितलं आहे. लेकीकडे लिफ्ट आहे. ती चांगली चालते का हे मला कळत नाही, कुणीतरी पाहायला हवी.

मी मार्चच्या दहा तारखेपर्यंत वाट पाहणार आहे. तोवर काही आलं नाही तर बाईंना सांगेन, काढा, आणि घड्याळ जाऊ देईन. सामान बांधता बांधता अडकून राहता येत नाही.

तुझी
ताई


८ मार्च

प्रिय खटपट्या,

तुझं पत्र काल आलं. पाठपोट लिहिलेलं पाहून मी आधी चहा केला आणि मग उघडलं.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं क्रमाने देते. किल्ली देताना घसरत नाही, बाईंनी फिरवून पाहिलं. तार गंजलेली नाही, पण आकड्यापाशी बारीक झाली आहे. साफ करताना ती तुटेल हे तुझं म्हणणं त्यांनाही पटलं. तू लिहिलं आहेस की ते काम वाईट आहे, तार आखूड पडली होती आणि तू घाबरून तशीच दाबून बसवलीस. हे मी बाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, वाईट तर आहेच.

घड्याळाला दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नकोस, मी नवीन तार करून बसवतो, असं लिहिलं आहेस. ते डॉक्टरांना कळवलं. ते म्हणाले, मग ते मूळचं राहणार नाही. मी म्हटलं, नाही राहणार. ते थोडे नाराज झाले, पण जाताना माझी खालची दाढ कशी आहे ते विचारून गेले.

पत्राच्या शेवटी, खाली जागा असताना कडेला आडवं लिहून तू विचारलं आहेस, की बाबा नक्की तसं म्हणाले का, बाईंना पुन्हा एकदा विचार, त्या तुला बरं वाटावं म्हणून म्हणत असतील. मी आज सकाळी मुद्दाम गेले आणि विचारलं. बाईंनी भिंग काढलं. म्हणाल्या, "मला काय पडलंय कुणाला बरं वाटावं? त्यांना सांगा, तार बदलली असती तर मामंजींना दोन पैसे मिळाले असते. आमच्या घरात त्या वाक्याने नुकसानच झालं, म्हणून तर लक्षात राहिलं." मग म्हणाल्या की तसं सांगताना बाबा मनगट असं वर धरायचे, घड्याळ आतल्या बाजूला, आणि त्याच्याकडे बघत बोलायचे. तेवढं तू वाच आणि ठेव.

विकायचं की नाही ते तू आल्यावर ठरवू. माझं मत विचारशील तर मी वाटणी करून ठेवली आहे. घड्याळ तू घे. जुनी तार काढलीस की ती मला दे, ती माझ्या व्हायोलिनची आहे.

पंचवीस तारखेच्या आत ये, त्यानंतर इथे खुर्च्यासुद्धा नसतील. बस चौकातच थांबते. टेबल मी शेवटपर्यंत बांधणार नाही, खिडकीशी उजेडात सरकवून घेतलं आहे. घड्याळ दुकानातून आणून त्याच्या खणात ठेवलं आहे, बंद, मी किल्ली दिलेली नाही. बटणही तिथेच आहे.

चादर धुऊन वाळत घातली आहे.

तुझी
ताई